दुसऱ्यांदा उतरले तेव्हा

१२ जून

दिवट्या,

आशीर्वाद आहेत. रागावलेली आहे, तरी आहेत. ते काही नळासारखे बंद करता येत नाहीत.

फोन करू नकोस. फोनवर मला ऐकू येत नाही आणि तू ऐकून घेत नाहीस, मग तो डबा कानाला लावून उपयोग काय? मी जेमतेम चौथी शिकले, पण लिहिता येतं. तुला वाचता येत असेल असं धरून चालते.

तुझ्या बापाला शाळेनं निरोप दिला त्या दिवशी तू काय बोललास ते तुला आठवत नसेल. बोलणारा विसरतो, ऐकणारा विसरत नाही, म्हणून लिहून पाठवते. भाषणं झाली, हार झाले. मग मुलं म्हणाली, सर, शेवटची एकदा तुमची चंद्राची गोष्ट सांगा. तो उभा राहिला. शर्ट नीट केला. "ज्या दिवशी माणसं चंद्रावर उतरली, त्या दिवशी माझा जन्म झाला," एवढंच म्हणाला असेल, तेवढ्यात तू मागच्या रांगेतून म्हणालास, "बाबा, पुरे आता. ते सगळं स्टुडिओतलं होतं. मला दोन लाइट आणि चार पोती रेती द्या, मी उद्या उतरवून दाखवतो."

मुलं हसली. इतर मास्तर हसले. तुझा बापही हसला, आणि तेच मला लागलं. मग तो खाली बसला. गोष्ट तिथंच राहिली.

आता घरातलं सांगते. दुर्बीण जुन्या चादरीत गुंडाळून कपाटावर टाकली आहे. विचारलं तर म्हणतो, समोर रस्त्याचा नवा दिवा बसवलाय, गच्चीवर सरळ उजेड येतो, काही दिसत नाही. खरं आहे. दिवा आहे. पण दिवा वर्षभर आहे, चादर आत्ता आली. तुझा फोन आला की तो आंघोळीला जातो. इतक्या आंघोळी माणूस करत नाही, म्हैस करते. तुझी आई मधल्यामध्ये टॉवेल घेऊन फिरते आहे.

चंद्राचं खरंखोटं तुम्ही शिकलेले बघा. मला एवढंच पाहिजे की त्याच्या वाढदिवसाच्या आत तुम्ही दोघं बोलायला लागावं. वाढदिवसाला गल्लीतली पोरं दरवर्षी गच्चीवर येतात, दुर्बिणीला डोळा लावतात, त्याची गोष्ट ऐकतात. यंदा पोरं आली आणि कपाटावर गाठोडंच राहिलं, तर तो माणूस पुन्हा वर चढायचा नाही. मी त्याला ओळखते. मीच केलाय.

आजी

*

२५ जून

प्रिय आजी,

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं. शेजारी आमचा दाढीवाला कॅमेरामन बसला होता. त्यानं म्हशीपर्यंत वाचलं आणि घास अडकून ठसका लागला.

आजी, मी बाबांचा अपमान करायला बोललो नाही. सवयीनं बोललो. तुला माझं काम नीट ठाऊक नाही, म्हणून सांगतो. मी लाइटमन आहे. एका मोठ्या गोदामात दिवसाढवळ्या आम्ही रात्र करतो. खिडक्यांना काळं कापड लावतो, वर निळसर दिवा टांगतो, त्याच्यापुढे पांढरा पडदा ताणतो, की झाला चंद्रप्रकाश. परवा मी एका साबणाच्या जाहिरातीसाठी चंद्र केला, त्याच्या आदल्या आठवड्यात एका भुताच्या मालिकेसाठी. दिग्दर्शक ओरडतो, "चंद्र थोडा डावीकडे घे," आणि मी शिडी चढून घेतो. रोज ज्याच्या हातून चंद्र सरकतो, त्याला टीव्हीवरचा चंद्र बघून शंका येणारच.

आणि शंका काय माझी एकट्याची नाही. तिथं हवा नाही म्हणतात, मग झेंडा कसा हलला? फोटोत सावल्या सरळ एका दिशेनं का पडत नाहीत? आमच्याकडे दोन दिवे लागले की अगदी अशाच पडतात. आकाशात चांदण्या नाहीत हा मुद्दा मात्र मी धरत नाही. भर उजेडातल्या माणसाचा फोटो काढला की मागचा काळोख नुसता काळाच येतो, हे आम्ही रोज बघतो.

बाबांनीच मला शिकवलं ना, की कुणी सांगितलं म्हणून मानू नको, पुरावा माग? लहानपणी मी विचारलं, विजेच्या तारेत खरंच काही असतं का, तर त्यांनी मला बॅटरी जिभेला लावायला दिली होती. मग आता मी पुरावा मागितला तर आंघोळ?

तुझा,
दिवट्या

*

८ जुलै

दिवट्या,

पुरावा माग, कोण नको म्हणतं. पण निरोपाच्या दिवशी, बापाच्या विद्यार्थ्यांसमोर, गळ्यातला हार काढायच्या आत मागायचा नसतो. हे बॅटरीनं शिकवता येत नाही म्हणून बहुतेक राहून गेलं असेल.

तुझं पत्र मी मोठ्यानं वाचलं. मी पत्रं मोठ्यानंच वाचते, नाहीतर मला स्वतःला ऐकू येत नाही. तुझा बाप शेजारच्या खोलीत होता. भिंत पातळ आहे, त्याला मी काय करणार? तुझी आई सांगते, बॅटरीपाशी आल्यावर तिकडे पेपराची पानं उलटायची थांबली. एवढंच कळवते.

आता तू मला त्या दिवसाबद्दल कधी नीट विचारलं नाहीस, ते सांगते. तुझा बाप जी गोष्ट सांगतो ती त्याची. तो तेव्हा पोटात होता, त्याला काय माहीत?

तुझ्या आजोबाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, वर आमची खोली, त्याच्यावर पत्र्याचं छप्पर. त्या दिवशी त्यानं दुकानातला सगळ्यात मोठा रेडिओ, वरची लाकडी पेटी काढून, नुसता उघडा फळीवर ठेवला होता. सकाळपासून गल्ली गोळा झालेली. पण आवाज खरखरत होता. मग हे महाशय पत्र्यावर चढले आणि एरियलची तार हातात धरून उभे राहिले. तार धरली की आवाज साफ यायचा, सोडली की खरखर. झालं. खालून लोक ओरडायला लागले, "हलू नका, मेस्त्री, हलू नका." आणि ते हलले नाहीत. त्यांची एवढी गरज आजवर कुणाला पडलेली नव्हती, ते बघून त्यांना बरं वाटलं असेल.

इकडे मला कळा सुरू झाल्या. वेळेच्या आधी, आणि वाईट. मी जिन्यात बसून ओरडले. तर दुकानातला एक गृहस्थ वर बघून म्हणतो, "अहो बाई, जरा हळू. चंद्रावर उतरतायत." मी म्हटलं, "इथंही कुणी उतरतंय, तिकडे बघा जरा."

तेव्हा एक ट्रकवाला पुढं आला. आमच्या गल्लीचा नव्हता. साबणाच्या पेट्या घेऊन कुठंतरी चालला होता, गर्दी बघून, रेडिओ ऐकायला म्हणून थांबला होता. ट्रक दाराशीच उभा. त्यानं एका बाईला हाताशी घेतलं, पेट्या सरकवल्या, मला आत झोपवलं आणि दवाखान्यात नेलं. पोट फाडावं लागलं. डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या, आणखी थोडा उशीर झाला असता तर दोघांचंही काही खरं नव्हतं. तुझा आजोबा पत्र्यावरून खाली आला तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते. त्याला वाटलं, त्याच्यासाठीच. मग कुणीतरी सांगितलं, अहो, तुमची बायको कुठंय बघा.

तो ट्रकवाला मला दाखल करून निघून गेला. नाव नाही, गाव नाही. तोंडही नीट आठवत नाही, साबणाचा वास तेवढा आठवतो. त्याचे आभार मानायचे राहिले. पत्ताच नाही तर मानणार कुठं? म्हणून मी आपली चंद्राकडे बघून मान हलवते. संध्याकाळी कपडे काढायला गच्चीवर गेले आणि तो दिसला की म्हणते, बरं झालं बाबांनो, गेलात. तुम्ही गेलात म्हणून तो थांबला. तो थांबला म्हणून मी आहे, हा आहे, आणि तो दिवटा आहे.

आता तू म्हणतोस कुणी गेलंच नाही. मग इतकी वर्षं मी रिकाम्या घराला निरोप देत होते की काय? मला झोप लागली नाही असं लिहिणार नाही, मला झोप लागते. पण परवा कपडे काढताना तो दिसला, आणि मान हलवायला गेले तर हलेना. तुझ्यामुळे. ते नीट करून दे.

आजी

*

३० जुलै

प्रिय आजी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. ट्रकवाल्याची गोष्ट मला कुणी सांगितलीच नव्हती. बाबा नेहमी रेडिओपासून सुरू करून थेट दुर्बिणीवर यायचे. साबण मधेच गाळला त्यांनी.

त्या माणसाचे आभार तर मीही मानतो. ते चंद्रावर कुणी गेलं की नाही त्यावर अवलंबून नाहीत. रेडिओ खरा होता, ट्रक खरा होता. त्याला थांबवणारी बातमी खोटी असली तरी थांबलेला माणूस खराच. तुला मान हलवायला एवढं पुरेल, असं मला वाटलं होतं.

पण आजी, तू नीट करून दे म्हणालीस म्हणून मी खोदायला लागलो, आणि एक गोष्ट सापडली. ती लपवली तर मीही तसलाच, म्हणून लिहितो. ते लोक चंद्रावर उतरले (किंवा उतरले म्हणतात) ते जुलैमध्ये. एकोणीसशे एकोणसत्तरचा जुलै, जगात सगळीकडे लिहिलेलं आहे. बाबांचा वाढदिवस नोव्हेंबरात. आजी, हा मेळ बसत नाही. म्हणजे बाबा दरवर्षी मुलांना जे सांगतात ते तारखेतच चुकलेलं आहे. विज्ञानाचे शिक्षक, आणि कुणी कॅलेंडर बघितलं नाही?

तू रागावू नकोस. इतक्या वर्षांनंतर तुझी दोन बातम्यांची सरमिसळ झाली असेल. रेडिओवर दुसरंच काही चालू असेल.

दिवट्या

*

११ ऑगस्ट

दिवट्या,

सरमिसळ तुझ्या डोक्यात झाली असेल. मला मूल कोणत्या महिन्यात झालं ते मला तू सांगणार? थंडी होती. ट्रकमध्ये त्या माणसानं मला स्वतःची घोंगडी दिली होती. जुलैत कोण घोंगडी घेऊन फिरतं? आणि रेडिओवर चंद्रच चालू होता. दुकानातला तो हळू ओरडा म्हणणारा मी अजून विसरले नाही, तर चंद्र विसरेन?

पण हे सगळं मी नंतर म्हटलं. आधी काय झालं ते ऐक.

मी तुझं पत्र वाचत होते. मोठ्यानं. "कुणी कॅलेंडर बघितलं नाही" इथपर्यंत आले आणि भिंतीपलीकडून मलाही ऐकू येईल असा आवाज आला. "दुसऱ्यांदा."

मी म्हटलं, काय?

"दुसऱ्यांदा उतरले तेव्हा. मी दरवर्षी सांगतो. कुणी नीट ऐकत नाही."

एवढंच. मग नळ सुरू झाला.

आता खरं सांगते, मलाही हे नवीनच. मला वाटायचं, एकदा गेले आणि आले. पुन्हा कशाला जायचं? एकदा बघून झाल्यावर माणूस पुन्हा जातो तो फक्त बायकोच्या माहेरी, तेही नाइलाजानं. मी त्याला जेवताना विचारलं, मग किती वेळा गेले रे? तो म्हणाला, उतरले सहा वेळा. मी म्हटलं, बाकीच्यांना का कुणी ओळखत नाही? म्हणाला, "पहिल्या मुलाचे फोटो काढतात, आई. पुढच्यांचे कोण काढतं?"

तो हसला नाही, पण घास घेताना थांबला नाही. निरोपानंतर चंद्राबद्दल इतकी वाक्यं पहिल्यांदाच बोलला.

त्या दुसऱ्या खेपेचं पुढचं मला सांगता येत नाही. मला ठाऊक नाही, आणि मी विचारणारही नाही. तुझा बाप तेच ऐकवायला बसलाय आणि तूच ते ऐकायला पाहिजेस. त्याला पत्र लिही. नाहीतर स्वतः शोधून काढ. पुरावा माग म्हणत होतास ना?

नोव्हेंबर लांब नाही. गाठोडं अजून वर आहे. मी धूळ पुसते, तो बघत नाही असं दाखवतो.

आजी

*

२० सप्टेंबर

प्रिय आजी,

उशीर झाला. खोकला झाला होता, त्याचं कारण खाली येतंच. हे पत्र तू मोठ्यानं वाचणार हे मला ठाऊक आहे. म्हणून नीट लिहितो.

मी बाबांना पत्र लिहायला चार वेळा बसलो आणि उठलो. मग वाटलं, शब्दांपेक्षा त्यांना करूनच दाखवतो. म्हणजे तेव्हा मला दाखवायचं होतं की मी बरोबर आहे. एक दिवस गोदाम रिकामं होतं. दाढीवाला, मी आणि दोन जण, आम्ही जमिनीवर राखाडी सिमेंटची धूळ पसरली, मागे काळं कापड ताणलं, आणि एकाला पांढरा कोट घालून दोरीनं वर टांगला, हळूहळू उड्या मारता याव्यात म्हणून. मी त्या सभेत बोललो होतो ना, उतरवून दाखवतो, ते करायला निघालो होतो.

पहिल्यांदा सावल्या. माझ्याकडे सूर्य नाही, दिवे आहेत. एक दिवा लावला तर जवळचा दगड लख्ख आणि लांबचा अंधारात. दुसरा लावला तर प्रत्येक माणसाला दोन सावल्या. त्यांच्या फोटोत लांबपर्यंत उजेड सारखा आहे आणि सावली एकेकाला एकच. सावल्या वाकड्या दिसतात त्या जमीन उंचसखल आहे म्हणून. तेही करून पाहिलं. खड्ड्यात पडलेली सावली वाकडीच दिसते. आणि झेंड्याच्या वरच्या कडेला आडवी दांडी होती, ते मी नीट बघितलंच नव्हतं. तो दांडीला लटकलेला आहे. माणसानं काठी हलवली की हलतो, आणि थांबवायला हवा नसली की हलतच राहतो.

पण मला हरवलं ते धुळीनं. दोरीवरच्या माणसानं पायानं धूळ उडवली. ती वर गेली आणि तिथंच राहिली. ढग झाला. दिव्याच्या झोतात तरंगत राहिली, आमच्या नाकात गेली. आम्ही परत, परत केलं. वाळू घेतली, चाळली, धुतली. बारीक असली की ढग होतो, जाड असली की उडत नाही. आणि त्यांच्या चित्रात ती बारीक धूळ पाण्याच्या पिचकारीसारखी कमान करून जाते आणि खाली पडते. मागे काही उरत नाही. हवाच नसेल तर असं होईल. गोदामातली हवा मी काढू शकत नाही, आजी. त्या काळात एवढ्या मोठ्या खोलीतली कुणालाच काढता आली नसती. दाढीवाला खोकत खोकत म्हणाला, "उतरणं सोपं पडलं असेल, हे करण्यापेक्षा."

त्या दिवशीच घरी येऊन मी दुसऱ्या खेपेचं वाचायला बसलो. आणि आजी, मी एकटाच मोठ्यानं हसलो.

त्या दुसऱ्या खेपेला त्यांनी चंद्रावर पहिल्यांदाच रंगीत कॅमेरा नेला होता. सगळं जग बघायला बसलेलं. आणि तो जागेवर नेऊन ठेवताना त्यांच्यातल्या एकानं चुकून कॅमेऱ्याचं तोंड सूर्याकडे केलं. कॅमेऱ्याचा डोळा जळाला. चित्र गेलं ते गेलंच. ठोकून बघितला, हलवून बघितला, काही नाही. बाकीचं सगळं लोकांनी नुसतं ऐकलं. म्हणून त्या खेपेचं कुणाला आठवत नाही.

आमच्या धंद्यात हे पहिल्या दिवशी सांगतात, कॅमेरा दिव्याकडे फिरवू नको. मी लागलो त्या वर्षी फिरवला होता आणि थप्पड खाल्ली होती. स्टुडिओत असं झालं तर काय होतं? कुणीतरी ओरडतं, दुसरा कॅमेरा आणतात, पुन्हा करतात. खोटं नाटक करणारा माणूस स्वतःच्याच खेळात पडदा कायमचा पाडत नाही. एवढा मोठा मूर्खपणा फक्त जिथं दुसरा कॅमेरा नाही तिथंच होतो. म्हणजे खऱ्या जागी.

बाबांचा जन्म त्या दिवसाचा आहे. आणि मी लाइटमन आहे. हे त्यांनी मला कधीतरी सांगितलं असणार. मी ऐकलं नसणार.

आजी, ते गेले होते. तू मान हलव.

दिवट्या

*

२ ऑक्टोबर

दिवट्या,

हलवली.

सिमेंट नाकातोंडात घालून घ्यायची काही गरज होती का? बापाला विचारलं असतंस तर त्यानं बसल्या जागी सांगितलं असतं. पण तुमच्याकडे सगळं जिभेला बॅटरी लावूनच कळतं. आलं घालून चहा पी. कोट घालून टांगलेल्या त्या माणसालाही पाज.

तुझं पत्र वाचलं. या वेळी मुद्दाम सावकाश वाचलं. धुळीपर्यंत आले, मला वाटलं तो शेजारी झोपला असेल. वर बघते तर तो दारात उभा. कॅमेऱ्याच्या डोळ्यापाशी आले तेव्हा त्यानं पत्र माझ्या हातातून घेतलं आणि पुढचं स्वतःच वाचलं, मनातल्या मनात. मला मोठ्यानं वाचून दाखवायचं त्याला सुचलं नाही. मास्तर असून.

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्र परत माझ्या उशाशी होतं. आणि काल तुझा फोन आला तेव्हा तो आंघोळीला गेला नाही. तिथंच उभा राहून तुझ्या आईचं बोलणं ऐकत होता. तू लवकर ठेवलास.

खालची ओळ त्याच्या हातची आहे. मी लिहायला लावलेली नाही.

आजी

धूळ कमानीत पडते त्याला पॅराबोला म्हणतात. नववीत शिकवला होता. तुझं निरीक्षण चांगलं आहे. गच्चीवर समोरच्या दिव्याचा त्रास आहे, नाहीतर यंदा पोरांना दाखवलं असतं. — बाबा

*

२४ ऑक्टोबर

प्रिय आजी,

बाबांची ओळ मी पाकिटात ठेवली आहे. "निरीक्षण चांगलं आहे" असं ते मला शाळेतही कधी म्हणाले नव्हते.

त्यांना सांग, नको, मीच सांगेन. पण तू हे मोठ्यानं वाचणारच आहेस, तर सांगून झालंच समज. मी वाढदिवसाला येतोय. लोकांना वाटतं आमचं काम उजेड पाडायचं. ते कुणालाही जमतं. आमचं खरं काम उजेड अडवायचं. मी मोठं काळं कापड आणि लांब बांबू घेऊन येतो. रस्त्याचा दिवा, बाबा, माझ्यावर सोपवा.

आणि निरोपाच्या दिवशी मी जे बोललो त्याबद्दल मी तुला लिहून काही उपयोग नाही. ते त्यांना तोंडानं सांगायचं आहे. त्या वेळी तू कृपा करून भिंतीला कान लावू नकोस.

दिवट्या

*

२४ नोव्हेंबर

दिवट्या,

पोचल्याचा निरोप मिळाला. आशीर्वाद, या वेळी राग वगळून.

भिंतीला कान लावला नाही. लावूनही काही ऐकू आलं नसतं. तुम्ही दोघं आत होता तेवढा वेळ तुझी आई दारापाशी घुटमळत होती, तिनं सांगितलं की फार काही बोलणं झालं नाही, तू दोन वाक्यं बोललास आणि मग तुझा बाप म्हणाला, "स्टूल धर, दुर्बीण काढायची आहे." मला तेवढं पुरलं. चादर मी धुवायला टाकली.

वाढदिवसाचं तुला काय सांगायचं, तू होतासच. पण तू नव्हतासही. तू पाण्याच्या टाकीवर चढून आमच्याकडे पाठ करून, तो बांबू आणि कापड धरून उभा होतास. कापड जरा खाली आलं की दुर्बिणीत उजेड शिरायचा आणि पोरं ओरडायची, "दादा, हलू नका." तू हलला नाहीस. मी खुर्चीत बसले होते. ते ऐकून क्षणभर मला वाटलं मला कळा येतायत.

तर तुला जे दिसलं नाही ते सांगते.

पोरं रांगेनं बघून झाली. मग त्यानं गोष्ट सुरू केली. "माणसं चंद्रावर दुसऱ्यांदा उतरली त्या दिवशी," असं म्हणाला, आणि दुसऱ्यांदावर थांबला, सगळ्यांनी ऐकलं याची खात्री करून मग पुढं गेला. रेडिओ सांगितला. पत्र्यावर तार धरणारा तुझा आजोबा सांगितला. आणि या वेळी ट्रकवालासुद्धा सांगितला, साबणासकट. तू पत्रात लिहिलं होतंस ना, साबण गाळला म्हणून, ते त्यानं भिंतीपलीकडून ऐकलं असणार. त्या माणसाचं नाव नाही, पण आता गल्लीतल्या इतक्या पोरांना तो ठाऊक झाला. म्हातारपणी आणखी काय पाहिजे?

मग ती समोरच्या शिंपिणीची नात, चष्मेवाली, सगळ्यात पुढं बसते ती. ती म्हणाली, "सर, पण लोक म्हणतात हे सगळं खोटं आहे. स्टुडिओत केलंय. खरं कशावरून?"

पुन्हा तेच, पुन्हा पोरांसमोर. तुझी आई चहाचे कप तसेच धरून उभी राहिली.

तुझा बाप टाकीकडे वळला आणि हात करून तुझी पाठ दाखवली. म्हणाला, "तो वर उभा आहे ना, त्याला विचारा. तो माझा मुलगा. स्टुडिओत काम करतो. त्यानं ते खोटं करून बघितलंय. नाही जमलं त्याला. आणि त्याला नाही जमलं, म्हणजे कुणालाच जमणार नाही."

बोलताना त्याचं तोंड कसं झालं होतं ते मला लिहिता येत नाही, चौथीपर्यंत ते शिकवत नाहीत. शाळेत त्याचा पहिला नंबर आला होता त्या दिवशी असं होतं, एवढं सांगते. आणि तू त्या वेळी पाठमोरा, दिव्याशी झुंजत. वाऱ्यानं कापड फडफडत होतं, तुला ऐकूही गेलं नसेल.

वर तार धरणाऱ्याला खाली काय झालं ते दिसत नाही. तुझ्या आजोबालाही दिसलं नव्हतं. त्यालाही नंतर मीच सांगितलं, मुलगा झाला म्हणून. आता तुला सांगते.

मग पोरं गेली. तू बांबू उतरवत होतास, तेव्हा मी चंद्राकडे बघून मान हलवली. ते गेले त्यांना, ट्रकवाल्याला, पत्र्यावर उभा राहिला त्या वेड्याला. आणि या वर्षी टाकीवर उभा राहिला त्यालाही. रांग वाढत चालली आहे, मानेला त्रास होतो.

तुझं काळं कापड इथंच राहिलंय. पाठवून देत नाही. तुझा बाप म्हणतो, पुढच्या वर्षीही लागेल. घडी करून दुर्बिणीशेजारी ठेवलंय, आणि दुर्बीण खिडकीत आहे.

आजी